बारा मुले आणि बारा वर्षे

वैद्याच्या एका शब्दाने रोग्यास धीर येतो, तशाच एका शब्दाने सबंध देशाचा धीर खचूही शकतो. ब्रिटनमधील डॉ. अँड्र्यू वेकफील्ड यांची कारकीर्द हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय. १९९८ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या बारा मुलांविषयी निबंध प्रसिद्ध केला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लशीमुळे स्वमग्नता येत असावी, असा संशय त्यातून पसरला. असा संबंध सिद्ध झालेला नाही, असे निबंधातच म्हटले होते. परंतु तिन्ही लशी निरनिराळ्या द्याव्यात, असे डॉ. वेकफील्ड यांनी पत्रकारांस सांगितले आणि भीतीस वाट मिळाली.

पुढे सत्य बाहेर आले. डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत २००२ साली असा संबंध आढळला नाही. लस उत्पादकांविरुद्ध दावे लढवू पाहणाऱ्या वकिलांकडून डॉक्टरांनी पैसे घेतले होते व गोवरावरील स्वतःच्या लशीसाठी १९९७ मध्येच पेटंट मागितले होते, हे पत्रकार ब्रायन डिअर यांनी उघड केले. २००४ मध्ये दहा सहलेखकांनी निबंधातील तो अन्वयार्थ मागे घेतला. 'लॅन्सेट'ने मात्र निबंध रद्द केला तो २०१० मध्ये. त्याच वर्षी जनरल मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले.

या बारा वर्षांची किंमत कोणी दिली? इंग्लंड व वेल्समध्ये १९९८ साली गोवराचे ५६ रुग्ण होते. २००८ साली ते तेराशेंवर गेले. परवाना गेला तरी व्यासपीठ गेले नाही. २०१६ मध्ये डॉ. वेकफील्ड अमेरिकेत लसविरोधी चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून पुढे आले.

घाबरलेल्या मातापित्यांस आम्ही दोष देत नाही. आजारी मुलाच्या आईस कारण हवे असते, आणि ते तिला एका डॉक्टरने दिले होते. दोष आहे तो चूक कळूनही ती मागे घेण्यास दिरंगाई करणाऱ्यांचा. त्यांत आमचा व्यवसायही येतो. संशय मोठ्या मथळ्याने छापणाऱ्या वृत्तपत्रांनी त्याचे निरसनही तितक्याच मोठ्या मथळ्याने छापले होते काय? थेंबाने गेलेला विश्वास हौदाने परत येत नाही. म्हणून संशय छापण्यापूर्वी पुरावा मागणे, हे पत्रकाराचे कर्तव्यच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.