तेल, पाणी आणि चुन्याचा साका

तेल व पाणी एकत्र नांदावें म्हणून आपण साबण घालतों. परंतु विहिरीचें पाणी जड असल्यास साबणच फाटतो, तेल वर तरंगतें आणि कीड मरण्याऐवजीं पानें करपतात. यावर दुसरा उपाय आहे. रॅम्सडेन यांनीं १९०३ सालीं व पिकरिंग यांनीं १९०७ सालीं दाखविलें कीं, अतिसूक्ष्म घन कण तेलाच्या थेंबांभोंवतीं कवचासारखे बसले, म्हणजे ते थेंब परस्परांत मिळत नाहींत. पिकरिंग यांचे प्रयोग इंग्लंडांतील वोबर्नच्या फळबागेंत चालत. मोरचूद व चुना यांच्या साक्यानें त्यांनीं खनिज तेलाचें दुधाळ मिश्रण सिद्ध केलें. आज हीच युक्ति खाद्यपदार्थ, प्रसाधनें व औषधें यांच्या संशोधनांत मान पावली आहे. बागेंत जन्मलेली विद्या कारखान्यांत नांदावी आणि बागाईतदारास तिचें नांवही ठाऊक नसावें, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. निंबोळी तेलासाठीं असा साका कितपत उपयोगी पडतो, याचा प्रयोग संघानें आपल्याच विहिरींच्या पाण्यांत करावा, प्रथम चार झाडांवरच करावा, आणि फळ बरें येवो वा वाईट, तें या मासिकांत प्रसिद्ध करावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.