डब्यांवरच्या चिठ्ठ्या

दिवाळीच्या सुट्टीत मी घरातले डबे ओळीने मांडून त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या : तूरडाळ, गूळ, मीठ. घराला शिस्त लागली, असे मला वाटले. पण आईला अक्षरओळख नाही. स्वतःच्याच स्वयंपाकघरात ती मीठ शोधत राहिली.

वडील मार्केट यार्डात हमाल. पोत्यावरचा मार्का पाहून ते माल कोणत्या गाळ्याचा, हे सांगतात. लेखणीचे मोल मी नाकारीत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या नावाची नोंद होऊ लागली, म्हणून त्याच्या कष्टाला हिशेब आला. परंतु घर चालवणारीलाच न कळणारी शिस्त ही शिकलेल्याची अरेरावीच म्हणावी लागेल.

आता चिठ्ठीवर अक्षराशेजारी आईनेच सांगितलेली खूण आहे. परवा तिने ‘गूळ’ वाचले.