थेंबाने गेली ती...

मेसमधलं शनिवारचं जेवण (त्याला जेवण म्हणायचं असेल तर) उरकलं की आमच्या विंगमध्ये एका लॅपटॉपभोवती आठ-दहा डोकी जमतात आणि वाद सुरू होतो, आज काय बघायचं? वाद कितीही रंगला तरी शेवटी लागतो तो युद्धाचाच पिक्चर, आणि शक्यतो अंतराळातला. असे इतके पिक्चर बघून झालेत की आता पहिल्या दहा मिनिटांत गोष्ट ओळखता येते. एक सैनिक असतो. त्याच्या हातून काहीतरी भयंकर घडतं. खांद्यावरच्या पट्ट्या उतरतात, मित्र तोंड फिरवतात. मग एलियन येतात. (एलियन अगदी वेळेवर येतात, आपल्या एसटीसारखं नाही.) हा बदनाम गडी एकटा शेकडोंना लोळवतो, आणि ज्या साहेबाने त्याला हाकललेलं असतं तोच शेवटी सॅल्यूट ठोकतो. आमची विंग टाळ्या वाजवते. मीही वाजवतो.

पण गेल्या वर्षभरात या टाळ्या मला खटकायला लागल्या आहेत. का, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'बूंद से गई वो हौद से नहीं आती'. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बादशहाच्या हातून अत्तराचा थेंब गालिच्यावर सांडला, त्याने तो पटकन बोटाने पुसून घेतला आणि ते कुणीतरी पाहिलं. कंजूषपणाचा डाग धुवायला त्याने दुसऱ्या दिवशी अख्खा हौद अत्तराने भरला. उपयोग शून्य! आमचे हे पिक्चर नेमकं उलटं सांगतात. थेंबाने गेलेली अब्रू हौदाने परत येते, फक्त हौद रक्ताचा हवा.

दोन उदाहरणं घेऊ. १९९७ चा 'स्टारशिप ट्रूपर्स' अनेकांनी पाहिला असेल. (रॉबर्ट हाइनलाइनची मूळ कादंबरी १९५९ ची. ती बरीच वेगळी आहे, मी बोलतोय ते पिक्चरबद्दल.) त्यातला रिको ट्रेनिंगमध्ये तुकडीप्रमुख असतो. खऱ्या गोळ्यांचा सराव चालू असताना तो एका सहकाऱ्याचं बिघडलेलं हेल्मेट काढायला लावतो आणि तो पोरगा तिथेच मरतो. रिकोला चाबकाचे फटके बसतात, तो राजीनामा देऊन घरी निघतो. तेवढ्यात शत्रू त्याचं गाव, ब्यूनस आयर्स, बेचिराख करतो. झालं! राजीनामा रद्द, रिको परत वर्दीत. पुढे तो बढती घेत राहतो, पण हेल्मेटवाल्या पोराचं नाव पिक्चरमध्ये कुणी पुन्हा घेत नाही. त्याच्याही घरी कुणीतरी असेलच ना?

दुसरा २०१४ चा 'एज ऑफ टुमॉरो'. इथला मेजर केज हा प्रसिद्धी खात्यातला गोड बोलणारा भित्रा माणूस. आघाडीवर जायची वेळ आली की जनरललाच ब्लॅकमेल करायला बघतो, मग पळपुटा म्हणून साधा शिपाई केला जातो. पुढची गंमत माहीतच आहे. मेला की दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे अमर्याद एटीकेटी आणि मार्कशीटवर स्टार नाही! पिक्चर झकास आहे, वादच नाही. पण प्रत्येक वेळी बाकीचे सगळे सगळं विसरतात, त्यामुळे केजला कुणाकडे जाऊन 'माझं चुकलं' म्हणायची वेळ फारशी येतच नाही. आपल्या आयुष्यात लोकांची मेमरी रिसेट होत नाही, हीच तर सगळी पंचाईत आहे.

आपला इतिहाससुद्धा आपल्याला हेच शिकवतो असं आपण धरून चालतो. १६७३ मध्ये उमराणीला प्रतापराव गुजरांनी शरण आलेल्या बहलोलखानाला सोडून दिलं. तो उलटला. महाराजांनी खरमरीत शब्दांत जाब विचारला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी, परंपरा सांगते की स्वतः धरून सात जणांनिशी, खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही गेले. त्या इमानापुढे आपण नतमस्तकच व्हायचं. पण चौथीपासून आपण फक्त ती दौड लक्षात ठेवतो. राज्याभिषेकाला काही महिने उरलेले असताना स्वराज्याने सरनौबत गमावला आणि खान जिवंतच राहिला, हा हिशोब आपण मांडत नाही. महाराजांना खान हवा होता, प्रतापरावांचं मरण नव्हे. डाग धुण्याचा सर्वात मोठा मार्ग म्हणजे मरणं, ही समजूत आपण स्वतःहून त्यात घातली आहे.

या पार्श्वभूमीवर माझ्या हाती एक पुस्तक लागलं. पास होऊन गेलेल्या एका सिनिअरने रूममध्ये टाकलेल्या खोक्यात ते होतं, गेट परीक्षेच्या गाईडांखाली दबलेलं. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड या अमेरिकन लेखिकेची 'मेमरी', १९९६ ची कादंबरी. अंतराळातलं साम्राज्य, भाडोत्री आरमार, हेरखातं, सगळा मसाला आहे. पण नायक माइल्स व्होरकोसिगन जेमतेम पाच फुटांचासुद्धा नाही आणि त्याची हाडं लहानपणापासून ठिसूळ. ज्या बॅरायार ग्रहावर शारीरिक व्यंगाचा तिटकारा केला जातो, तिथे हा पोरगा डोक्याच्या जोरावर साम्राज्याच्या गुप्तचर खात्यात अधिकारी होतो आणि 'अॅडमिरल नेस्मिथ' या खोट्या नावाने एक आख्खं भाडोत्री आरमार चालवतो.

आधीच्या एका पुस्तकात तो छातीवर मार बसून चक्क मरतो आणि गोठवून पुन्हा जिवंत केला जातो. त्याचा परिणाम म्हणून त्याला अधूनमधून झटके यायला लागतात. हे तो वरिष्ठांपासून लपवतो, कारण कळलं तर आरमार हातातून जाईल. मग एका ओलीस सुटकेच्या मोहिमेत नेमका झटका येतो. हातातलं शस्त्र चालू राहतं आणि ज्याला सोडवायला गेला त्याच अधिकाऱ्याचे पाय कापले जातात.

आता बघा, इथपर्यंत तो अपघात आहे. खरा गुन्हा पुढे घडतो, टेबलखुर्चीवर. माइल्स मोहिमेचा रिपोर्ट लिहितो आणि त्यातून झटका वगळतो. बस्स! पळून जाणं, देशद्रोह असलं काहीच नाही. एक खोटा रिपोर्ट. खात्याचा प्रमुख सायमन इलियन, ज्याने त्याला घडवलं, त्याच्यापर्यंत खरी हकीगत आधीच पोचलेली असते. तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर माइल्सची नोकरी जाते. कोर्टमार्शल टाळून, वैद्यकीय कारण दाखवून, शांतपणे.

पुढे शेवट सांगणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी हा एक परिच्छेद सोडावा. काही दिवसांत इलियनच्या मेंदूतली स्मरणशक्तीची चिप निकामी होऊ लागते आणि तो घातपात आहे की काय, हे शोधायचं काम बादशहा तात्पुरता 'ऑडिटर' नेमून माइल्सवर सोपवतो. मागावर असताना त्याच्यासमोर आमिष येतं. हेरखात्याचा नवा प्रभारी प्रमुख हॅरोश म्हणतो, दुसऱ्या एका अधिकाऱ्यावर पुरावा मिळालाय, तेवढ्यावर प्रकरण मिटव, तुला बढती देतो, तुझं आरमार परत देतो. म्हणजे हौद भरून समोर ठेवलेला! आणि तो अधिकारी निर्दोष आहे असं माइल्सचं मन सांगतंय. कादंबरीतली सगळ्यात मोठी लढाई इथे होते. एका बंद खोलीत, एका माणसाच्या डोक्यात, एकही गोळी न सुटता. तो नाही म्हणतो. खरा गुन्हेगार हॅरोशच निघतो. माइल्सला आरमार परत मिळत नाही आणि झटकेही बरे होत नाहीत, फक्त ते आपल्या सोयीच्या वेळी आणवून घ्यायचं यंत्र मिळतं. पण तो कायमचा ऑडिटर होतो. ज्याने रिपोर्ट खोटा लिहिला, त्याचंच काम आता दुसऱ्यांचे रिपोर्ट खरे आहेत का ते बघणं.

मला हे पटलं. माइल्सची अब्रू शौर्यात गेलीच नव्हती, त्यामुळे शौर्याने ती परत येणार नव्हती. ती कागदावर गेली होती. खोटं बोलून हवं ते मिळवायची संधी पुन्हा समोर आल्यावर माणूस काय करतो, एवढीच त्याची परीक्षा.

माझा रूम पार्टनर म्हणतो, 'पंतप्रधान राहिलेल्या बापाचा मुलगा, बादशहाचा बालमित्र. म्हणून वाचला. साधा लेफ्टनंट असता तर?' मान्य! शंभर टक्के मान्य. दुसरी संधी मिळायलासुद्धा वशिला लागतो, हे त्या साम्राज्यातही खरं आहे. पण संधी मिळाल्यावर केलेलं काम त्यामुळे खोटं ठरत नाही.

बुजोल्डबाईंचे वडील वेल्डिंग इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते आणि वेल्ड न तोडता तपासण्याच्या शास्त्रातलं मोठं नाव. बाईंच्या 'फॉलिंग फ्री' या १९८८ च्या कादंबरीचा नायक वेल्डिंग इंजिनिअर आहे आणि वेल्डच्या एक्स-रे तपासणीचे खोटे रेकॉर्ड केल्यावर काय होतं, ते तो विद्यार्थ्यांना शिकवतो. युद्धाच्या गोष्टीतला सर्वात मोठा गुन्हा खोटा रिपोर्ट असावा, हे एका इंजिनिअरच्या मुलीलाच सुचलं यात मला तरी नवल वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. मी हे पुस्तक वाचून अस्वस्थ का झालो?

थर्ड इयरनंतरच्या सुट्टीत मी एका बिल्डिंगच्या साईटवर ट्रेनिंगला होतो. एम-२५ काँक्रीट. सात दिवसांचे क्यूब तोडायच्या दिवशी मशीन बंद पडलं होतं. साईट इंजिनिअर म्हणाले, 'सतरा-अठराच्या आसपास भरून टाक रे, तसंही निकाल २८ दिवसांच्या क्यूबवर असतो.' (निकालाबद्दल ते बरोबर होते, आयएस ४५६ तेच म्हणतं.) मी भरले. दोन सॅम्पल, सहा क्यूब, सहा आकडे. १७.२, १६.८, १७.९... सगळे सारखे दिसू नयेत म्हणून दशांशात फरकसुद्धा केला! खरं सांगतो, त्या वेळी स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. तेच टेबल मी ट्रेनिंग रिपोर्टमध्ये छापलं, प्रेझेंटेशन दिलं आणि मार्क चांगले मिळाले.

'मेमरी' वाचून झाल्यावर चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी गाईड सरांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी साईटच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला फोन लावला. त्या कॉलमवर रिबाऊंड हॅमरची टेस्ट झाली, आकडे ठीक आले. मी म्हटलं, 'सुटलो!' सर म्हणाले, 'काँक्रीट सुटलं. तू नाही.' प्रेझेंटेशन पुन्हा द्यावं लागलं, मार्क कमी झाले. साईटवाल्यांनी सर्टिफिकेट दिलं नाही. विंगमध्ये महिनाभर माझं नाव 'हरिश्चंद्र' होतं, अजूनही काही जण हाक मारतात.

यात मला कुणी सॅल्यूट केला नाही, हे सांगायला नकोच. तशी अपेक्षाही नव्हती.

स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती करून थांबतो. त्या साईटवर आकडे बनवायची कला मी शिकलो नाही, ती फर्स्ट इयरपासून लॅबमध्येच शिकलो. डायल गेज अडकलेलं असतं, तरी अख्ख्या बॅचचा स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २ गुणिले १० चा पाचवा घात असाच येतो. कारण वेगळा आला की 'रिपीट' असा शेरा पडतो आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधला उतरवला की सही मिळते. चुकीचं रीडिंग प्रामाणिकपणे लिहून ते का चुकलं हे सांगणाऱ्याला पूर्ण मार्क द्या ना! माइल्सने झटके लपवले ते खरं सांगितल्यावर सगळंच जाईल या भीतीने. चूक त्याचीच, पण अशी भीती असेल तिथे खोटे रिपोर्ट तयार होणारच.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच. साईटच्या रजिस्टरमध्ये चुकीचा आकडा खोडरबरने पुसत नाहीत, व्हाईटनरही चालत नाही. त्यावर एकच रेघ मारतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. शेजारी खरा आकडा लिहितात, तारीख घालतात आणि सही करतात. माझ्या रिपोर्टच्या कॉलेजमधल्या कॉपीत त्या सहा आकड्यांवर अशीच रेघ आहे. शेजारी लिहिलंय, 'टेस्ट केली नाही', खाली तारीख आणि माझी सही. सांडलेला थेंब तसाच दिसतोय, हौद भरायला मी गेलो नाही.

शनिवारी पिक्चरला मात्र मी असेनच. टाळ्याही वाजवीन, पण हेल्मेटवाल्या त्या पोराचं नाव विचारून झाल्यावर.