मुलींची शिबिरे आणि आपले दाखले

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील बालवीरांच्या मेळाव्यास मुलीही हजर झाल्या. त्यांच्यासाठी पुढे निराळी संघटना निघाली. आपल्याकडे १९५१ पासून स्काउट व गाईड ‘भारत स्काउट्स अँड गाईड्स’ या एकाच छत्राखाली आहेत. प्रवेशापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत दोघांचीही शिडी समान. लक्ष्मी मजुमदार यांनी १९६४ ते १९८३ राष्ट्रीय आयुक्तपद भूषविले. तेव्हा नियमांविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती दाखल्यांची. मुक्कामी शिबिर जवळ आले की वडगावातील माझ्या दवाखान्यात मुलाचे पालक ‘फिट’चा दाखला मागतात आणि मुलीची आई हळूच ‘अनफिट’चा. कारण बहुधा पाळी, नाहीतर अशक्तपणा. निरोगी मुलीची पाळी डोंगर चढण्याच्या आड येत नाही. अशक्तपणा मात्र खरा! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यावर लोहाच्या गोळ्या आहेत, जंताचे औषध आहे.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन दिवेलागणीपूर्वी परतणारी मुलगी संघाचे नेतृत्व शिकणार कधी? तंबू ठोकणे, रात्रीचा पहारा नेमणे, रुसलेल्या मैत्रिणीची समजूत काढणे हे सारे मुक्कामातच घडते. (स्वयंपाकही घडतो. मुलाने केला की त्याचे कौतुक गल्लीभर होते.)

शौचालयाची, सोबतीची आयांना वाटणारी काळजी रास्त आहे. म्हणूनच आपल्या संघटनेतील डॉक्टर भगिनींनी एकेका शिबिरात एक रात्र मुक्काम करावा. आपण सर्वांनी महिनाभर आधी मुलींचे हिमोग्लोबिन तपासावे, आणि ‘अनफिट’ लिहिण्यापूर्वी त्या मुलीलाही विचारावे.