एका फोटोत पाच वादळं, पण खरा तडाखा कुणाचा?

१४ सप्टेंबर २०२० ला अटलांटिक महासागराच्या उपग्रह फोटोत एकाच वेळी पाच वादळं फिरताना दिसली. पॉलेट, रेने, सॅली, टेडी आणि विकी. नोंदी सुरू झाल्यापासून असं त्याआधी फक्त एकदाच, १९७१ मध्ये घडलं होतं.

फोटो बघून कुणीही म्हणेल, आता काही खरं नाही. प्रत्यक्षात काय झालं? पॉलेट त्याच दिवशी बर्म्युडा बेटावरून गेलं. रेने आणि विकी समुद्रातच विरली. टेडी पुढे फार मोठं झालं, पण त्याचं सगळं जोरदार रूप उघड्या समुद्रावरच गेलं. अमेरिकेला झोडपलं ते सॅलीने.

सॅली काही त्यातलं सगळ्यात ताकदवान नव्हतं. पण ते माणूस चालतो तेवढ्या वेगानं सरकत होतं. जिथं आलं तिथं तासन् तास बसून राहिलं. आधी न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला धोका वाटत होता. वादळ वळलं आणि १६ तारखेला पहाटे अलाबामाच्या किनाऱ्यावर धडकलं. काही ठिकाणी ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. शेजारच्या पेन्साकोलात सुटलेले बार्ज आदळून नव्या पुलाचा भागच पडला.

हा सावकाशपणा एका फोटोत दिसत नाही बरं का. त्यासाठी फोटोंची मालिका लागते. अमेरिकेचा गोज-१६ उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून तेव्हा दर दहा मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण बाजू टिपत होता. एकामागून एक फोटो लावले की ढग कुठं चाललेत, किती वेगानं, हे कळतं. तरीही ढगाच्या पोटात वारा किती, दाब किती, हे नेमकं मोजायला तिकडे विमान थेट वादळात घालतात.

आपल्याकडे अरबी समुद्रावर इन्सॅट उपग्रह हेच काम करतात, आणि ते फोटो आता मोबाईलवर दिसतात. त्यात लाल रंग दिसला की गावाच्या ग्रुपवर लगेच "आलाच पाऊस" सुरू होतं. अशा रंगीत फोटोत लाल म्हणजे बहुतेक वेळा ढगाचा माथा फार थंड, म्हणजे ढग उंच. खाली पाऊस पडेलच असं नाही.

अजून एक. फोटोवर यूटीसी अशी वेळ असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. सकाळचे ६ लिहिलेला फोटो आपल्या साडेअकराचा असतो. आणि तारीख तर आधी बघाच, जुने फोटो नवे म्हणून फिरवणारे कमी नाहीत.