अट कोणासाठी?

अंगणवाडीतल्या मुलांचा खाऊ कोणी करायचा, हे गावात ठरत नाही. निविदेच्या कागदावर ठरते. तो कागद वाचायची सवय आपण, बाईच्या हाताला काम मागणाऱ्या कार्यकर्त्यांनी, लावून घेतली पाहिजे.

पोषण आहारात कंत्राटदार नकोत, पैसा शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत खर्च व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी बजावले होते. तरीही राज्य सरकारने २०१६ साली घरी न्यायच्या आहाराची निविदा काढली, तेव्हा उलाढालीची आणि पुरवठ्याच्या आवाक्याची अट अशी घातली की लहान गट उंबऱ्यातच अडावा. काम गेले ते नावात ‘महिला’ असलेल्या बड्या संस्थांकडे. वैष्णोराणी महिला बचत गटाने दाद मागितली. न्यायालयाने २०१९ मध्ये सुमारे ६,३०० कोटींची ही कंत्राटे रद्द केली. अटी बड्यांच्या सोयीच्या आहेत, हे न्यायालयाला दिसले.

सरकारची बाजू स्वच्छतेची आणि जीवनसत्त्वे मिसळण्याची असते. ती खोटी नाही. मुलाच्या तोंडी जाणारा घास तपासलाच पाहिजे. पण घास तपासणे वेगळे आणि मागच्या वर्षांची उलाढाल तपासणे वेगळे. पीठ शुद्ध आहे की नाही, हे ताळेबंद सांगत नाही. संगणकप्रणालीच्या सरकारी खरेदीतही हीच वाट वापरता येते: काम काय हवे ते न लिहिता एखाद्याच कंपनीला बसेल असे तांत्रिक वर्णन लिहायचे. नाव गुणवत्तेचे, परिणाम मक्तेदारीचा.

मी नंदुरबार जिल्ह्यात गटांबरोबर काम करते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ज्वारी, भगर पिकते. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांचे गरम जेवण गावातच शिजते. तिथे सरकारला बाईचा हात चालतो. पीठ दळायची वेळ आली की मात्र तिच्याकडे उलाढालीचा दाखला मागायचा, हा कुठला न्याय?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. निविदेचा मसुदा आधी मराठीत जाहीर करा. प्रत्येक तांत्रिक अटीचे कारण लिहा. तालुक्याच्या आवाक्यातले काम तालुक्यातच द्या. तपासणीची प्रयोगशाळा सरकारने पुरवावी. नुसत्या ‘सक्षमीकरणा’च्या भाषणांनी गटाची गिरणी चालत नाही.