मातीकामाच्या खोलीत झाडू नको

भवानीनगरच्या माणसाला धूळ नवी नाही. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखलं जाणारं हे गाव. बगॅस, मळी, राख हे शब्द इथल्या पोरांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. साठवलेल्या बगॅसला बुरशी धरली की तिच्या धुळीनं फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. वैद्यकशास्त्रात त्याला बगॅसोसिस असं नावही आहे. त्यामुळे साखर धंद्यात आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांनी मला धुळीबद्दल विचारलं, याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते धुळीच्या जागेचं.

"डॉक्टर, पोरगी पुण्यात डिझाइन शिकतीय. आता मातीकामाच्या स्टुडिओत नाव घातलंय, महिन्याला पैसे भरून. गावात होती तवा चिखलात पाय घालत नव्हती!" आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी खरा प्रश्न काढला. "लहानपणी तिला बाळदमा होता. काही त्रास नाही ना व्हायचा?"

मी म्हटलं, जाऊ द्या तिला. फक्त एक विचारून घ्या, संध्याकाळी काम संपल्यावर ती खोली साफ कशी करतात?

दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा तिनं स्वतःच येऊन सांगितलं, "डॉक्टरकाका, आम्हाला काही करावं लागत नाही. सकाळी मावशी येतात, सगळं झाडून काढतात. आम्ही पोचतो तेव्हा फरशी चकाचक असते."

हे ऐकून माझी काळजी मुलीवरून मावशींकडे गेली. आजचा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलांनी मातीकाम शिकावं, या मताचा मी आहे. सामायिक स्टुडिओत जाण्याला पर्यायही नाही. हजार-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापणारी भट्टी कुठल्या विद्यार्थ्याच्या खोलीवर असणार? चाक, भट्टी, मांडण्या, मातीची पिंपं सगळ्यांत मिळून वापरायची, हीच या शिक्षणाची रीत आहे. ती आपल्याकडे नवीही नाही. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची स्थापना १८५७ ची. तिथं मातीकाम एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या ग्रामोदय संघानं आणि बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थेनं हे काम शिकवलं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या २०१८ पासूनच्या योजनेतून कुंभारांना विजेवरची चाकं मिळू लागली.

मनालाही यातून काही मिळतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, रंग, कागद यांच्याशी खेळ केला. त्यानंतर सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. अभ्यास लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण परीक्षेच्या दिवसांत मोबाइल बाजूला ठेवून तासभर मातीच्या गोळ्याकडे लक्ष देणाऱ्या मुलाला अडवण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

अडचण ओल्या मातीची नाही, वाळलेल्या मातीची आहे.

मातीत क्वार्ट्झ असतो. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. दगडी भांड्यांच्या मातीत आणि ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्याच्या झिलईत, तो वेगळाही मिसळतात. माती ओली असते तोवर तो जागचा हलत नाही. चाकाभोवती सांडलेला चिखल वाळला, त्यावर चपला फिरल्या, वर पंखा लागला की त्याचं पीठ होतं. आपल्याला उन्हाच्या तिरिपेत दिसते ती जाड धूळ. ती लवकर खाली बसते आणि श्वासात गेली तरी बरीचशी नाका-घशात अडकते. घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कण चार-पाच मायक्रॉनच्या आतले असतात. एकदा उडाले की ते कित्येक तास हवेत तरंगतात. सकाळी झाडलेली खोली दहा वाजता चकाचक दिसते, कारण जाड धूळ कचऱ्यात गेलेली असते. बारीक धूळ आत येणाऱ्याची वाट पाहत असते.

हे कण वायुकोशात गेले की शरीरातल्या संरक्षक पेशी ते गिळतात. ते त्यांना पचत नाहीत. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि तिथं हळूहळू व्रणासारखी कडक ऊती तयार होते. हाच सिलिकोसिस. त्यावर बरं करणारं औषध आजही नाही. सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोगाचा धोका वाढतो. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तिथं ही गोष्ट लहान नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

पालकांनी घाबरून जाऊ नये. सिलिकोसिस बहुधा अनेक वर्षांच्या संपर्कानंतर होतो. एक-दोन सत्रं माती केलेल्या मुलीला तो होईल, असं कोणी सांगत असेल तर ते चूक. तिच्या जुन्या दम्याला मात्र कुठलीही धूळ त्याच दिवशी डिवचू शकते. म्हणून तिनं इनहेलर जवळ ठेवावा आणि धूळ उडत असेल तिथून बाहेर पडावं. पण विद्यार्थी येतात आणि जातात. तिथं दहा-वीस वर्षं राहतात ते शिक्षक, भट्टी लावणारा मदतनीस आणि रोज सकाळी बंद खोलीत झाडू मारणाऱ्या मावशी. सामायिक स्टुडिओत मडकं ज्याचं त्याचं असतं, धूळ सगळ्यांची असते. आणि तिचा सगळ्यांत मोठा वाटा, जिनं एकही मडकं घडवलेलं नाही, तिच्या छातीत जातो.

हे ज्ञान नवं नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात झिलईतल्या शिशानं हात थरथरणारे कुंभार आहेत. इंग्लंडमध्ये भांड्यांसाठी गारगोटी कोरडी दळत आणि दळणारे लवकर मरत. टॉमस बेन्सन यानं १७२६ मध्ये ती पाण्यात दळण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. धुळीवर पाणी हा उपाय तीनशे वर्षं माहीत आहे आणि आपण अजून झाडू विकत घेतो.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की आपले कुंभार पिढ्यान्‌पिढ्या मातीतच जगले, त्यांना काय झालं? एक तर परंपरेनं कुंभाराचं काम अंगणात, उघड्यावर चालायचं, आणि बंद खोली, पंखा, पोत्यातली दळलेली सिलिका हे त्याच्या वाट्याला फारसं नव्हतं. दुसरं, त्याला काही झालं नाही हे आपण कशावरून म्हणतो? वाळलेली माती कुटणाऱ्या-चाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या खोकल्याला विडीचा खोकला म्हणून सोडून देणं सोपं असतं. त्याच्या छातीचा फोटो काढून कामाबद्दल विचारणारं कोणी होतं का?

दुसरं उत्तर मास्कचं. रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे कण अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तर. आणि मास्क काही वेळाने निघतोच, कण मात्र हवेतच असतात. मुळात धूळ उडू न देणं हे पहिलं. मास्क त्यानंतरचा.

मग करायचं काय? फरशी आणि टेबलं ओल्या फडक्यानं पुसायची, आणि फडका वाळण्याआधी बादलीत धुवायचा. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर नको, तो बारीक कण मागच्या बाजूनं परत सोडतो. खरवडताना पडलेला चुरा त्याच दिवशी पाण्याच्या बादलीत टाकायचा. त्याची पुन्हा माती होते. पूर्ण वाळलेलं भांडं पॉलिश पेपरनं घासायचं नाही, ओल्या स्पंजनं गुळगुळीत करायचं. पावडरी मोजायच्या असतील तर मास्क लावून, पंखा बंद ठेवून, आणि पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. भट्टी पेटलेली असताना त्या खोलीत अभ्यासाला बसायचं नाही, कारण माती भाजताना कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे वायू निघू शकतात. एप्रन स्टुडिओतच ठेवायचा. डबा बाहेर खायचा, तोही हात आणि नखं धुऊन. आणि ग्लेझमध्ये काय आहे हे माहीत नसेल तर स्वतः केलेल्या बरणीत लोणचं घालायचं नाही, कारण आंबट पदार्थ झिलईतलं शिसं ओढून घेतात.

आपल्या भागातल्या मुलांना आणखी एक मोह होईल. लाकडाच्या राखेची ग्लेझ चीन-जपानमध्ये फार जुनी, मग आपल्याकडच्या बगॅसच्या राखेची का नको? जरूर करून पाहा. पण त्या राखेतही सिलिका भरपूर असते. ती कोरडी चाळू नका, पाण्यात कालवून चाळा, हातमोजे घालून.

यातल्या कुठल्याच गोष्टीला मोठा खर्च नाही. म्हणूनच ती न करण्याला सबब नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं सिलिकोसिस आणि शिशाची विषबाधा हे सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातले. पण कॉलेजचा स्टुडिओ म्हणजे कारखाना नव्हे. तिथं झाडणाऱ्या बाईकडे पाहायला कुठला निरीक्षक येणार? म्हणून ही जबाबदारी कॉलेजांनी आणि स्टुडिओ चालवणाऱ्यांनी आपणहून घ्यावी. प्रवेशाच्या अर्जावर फीच्या आकड्याखाली सफाईचे नियम छापावेत. शेवटची वीस मिनिटं प्रत्येकानं आपली जागा ओली पुसण्याची असावीत, मावशींवर ढकलण्याची नव्हे. आणि वर्षानुवर्षं तिथं काम करणाऱ्यांची छाती डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासून घ्यावी, खर्च संस्थेनं करावा.

ती मुलगी सुट्टी संपवून पुण्याला परत गेली आहे. जाताना म्हणाली, "काका, मी एकटीनं सांगून कोण ऐकणार?" मी तिला म्हटलं, ऐकतील न ऐकतील, आपल्या चाकाखालची जागा तर तू आजपासून पुसू शकतेस. मावशींना तेवढीच कमी झाडावी लागेल. उरलेलं तिच्यासारख्यांच्या आईवडिलांनी करावं. मुलांचं नाव घालायला जाल तेव्हा चाकं किती आणि भट्टी केवढी हे जरूर विचारा. त्याआधी विचारा, फरशी पुसता की झाडता?